पेन्सिलची फुली

प्रिय भाऊजी,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. फोन बंद करून ठेवता येतो, पत्राचं तसं काही करता येत नाही, आणि न वाचता फाडून टाकणं तुझ्याच्याने होणार नाही हे मला पक्कं माहीत आहे. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा तू आधी उलगडून वाचायचास आणि मग फेकायचास. तेव्हा कुठेतरी नीट बस आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच उठलास तर तुला माझी शपथ आहे. माझी शपथ तू आजवर मोडलेली नाहीस, सिगारेटची एक सोडली तर.

या घरात मी आले तेव्हा तू शाळेत होतास. गुडघे फुटलेले, नाक कायम वाहतं. आईंनी मला बजावलं होतं की धाकट्या दिराला भाऊजी म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. भाऊजी म्हणणं जमलं, पण 'अहो, नाक पुसा' हे काही तोंडातून बाहेर पडेना. तेव्हापासून तू माझा अरे-तुरेतला भाऊजी. तुझ्या दादाला याची फार गंमत वाटायची. पाहुण्यांसमोर मुद्दाम विचारायचा, आज आमच्या साहेबांचा अभ्यास घेतलास का म्हणून. हे सगळं आज लिहायचं कारण असं की गेल्या खेपेला तू मला मेसेज पाठवलास, त्यात 'आपण' असं लिहिलं होतंस. 'आपण मला विसरून जावं.' वाचून मी तो फोन पिठाच्या डब्यावर आपटला. एवढा परका झालास होय रे?

गाड्यांची फुटकी प्लास्टिकं सांधायचं आपलं दुकान चालू आहे. पाटी तुझ्या दादाचीच आहे, रंग उडालाय तरी बदललेली नाही. सुरुवातीला लोक दारात थबकायचे, माझ्या खांद्यावरून आत कोणी पुरुष दिसतोय का बघायचे, आणि मग फुटलेलं मडगार्ड काखेत मारून परत जायचे. आता तसं होत नाही. आता 'वहिनींकडे टाका' म्हणतात. तुझी एकट्याची वहिनी होते, आता अख्ख्या वस्तीची झाले. शेजारचे पेंटरकाका रंगाचं काम अजून तितकंच सुरेख करतात आणि तितकंच उशिरा देतात. आणि गिऱ्हाईक दारात आलं की मीसुद्धा आधी तेच विचारते जे तो विचारायचा: तुकडे आणलेत का? पॅनल कितीही फुटलेलं असू दे, रस्त्यावरचे तुकडे वेचून आणणाऱ्या माणसावर तो खूश असायचा. ज्या गाडीचा तुकडा, त्याच गाडीच्या जखमेत तो नीट बसतो, बाहेरचं प्लास्टिक धरून ठेवत नाही, असं तो म्हणायचा. आपल्या दोघांच्याही डोक्यात त्याने ते इतकं ठोकून बसवलं होतं की बाजारात कुणाची गाडी पडली तर तू आधी माणसाला उठवायचास आणि लगेच खाली वाकून तुकडे शोधायचास.

आता एक सांगते. घाबरू नकोस, माझ्या डोक्यावर काही परिणाम झालेला नाही. दुकानात तो आहे. संध्याकाळी ऊन उतरलं की भिंतीवर टांगलेली पॅनलं थंड होऊन आक्रसतात आणि एकेक करून टक् टक् वाजतात. ती पूर्वीही वाजायची, पण तेव्हा त्याच्या शिट्टीत आणि तुम्हा दोघांच्या भांडणात ऐकू यायची नाहीत. आता मी पाठमोरी असताना वाजलं की मानेवर काटा येतो. तुला आठवतं ना, कुठलंही पॅनल हातात घेतलं की तो आधी नखाने टिचकी मारायचा, अख्खं असलं तर खणखणीत वाजायचं, कुठे चीर असली तर बद्द. मला वाटतं तो भिंतीपाशी उभा राहून एकेका पॅनलला टिचकी मारून बघतोय. मी मान न वळवता म्हणते, हो, करते नीट. कारण गंमत अशी की हे होतं तेव्हा मी बहुतेक कुठेतरी चालढकल करत असते. कधी घासकाम अर्धवट सोडलेलं असतं, कधी चिरेवर भरलेली पुट्टी पुरती वाळू दिलेली नसते. मग मी मुकाट्याने पॉलिश पेपर उचलते आणि पुन्हा घासायला लागते.

आणि आपली मोटरसायकलही आहे. टेंपोतून आणून उतरवली तिथेच, मागच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. आधी तिचं तोंड दाराकडे होतं. ताडपत्रीतूनसुद्धा ती माझ्याकडे बघते आहे असं वाटायचं. शेवटी पेंटरकाकांना हाताशी घेऊन मी तिला भिंतीकडे तोंड करून ठेवलं, तर आता रुसल्यासारखी पाठ फिरवून उभी असते. विकत घ्यायला माणसं येऊन गेली. मी कुणाला ताडपत्री उचलू दिली नाही. मीही उचलली नव्हती. तिच्या शेजारी गोणी होती, त्या दिवशी तू आणलेल्या तुकड्यांची. तीही कुणी सोडली नव्हती.

त्या दिवसाबद्दल तुला मी काय सांगणार? पण आपण दोघं त्याबद्दल एकमेकांशी कधी बोललेलोच नाही, म्हणून मला जेवढं माहीत आहे तेवढं लिहिते. त्याचं बोट तापल्या सोल्डरिंगने भाजलं होतं, म्हणून गाडी तू घेतलीस आणि तो मागे बसला. मोठ्या बाजारातून रंग आणायचा होता. गोदामापाशी रस्ता डावीकडे वळतो, तिथे गाडी वळली नाही. ती सरळ गेली आणि उभ्या ट्रकवर आदळली. तुझं गळपट्टीचं हाड मोडलं, आणि तो गेला. दवाखान्याच्या ओट्यावर तू सगळ्यांना एकच सांगत होतास, हँडल वळलंच नाही, हँडल वळलंच नाही. तेव्हा आई म्हणाल्या, हँडल आपोआप वळत नसतं, वळवावं लागतं. त्यानंतर तू ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाहीस. मग कोणीतरी आईंच्या कानात सांगितलं की भावाला दवाखान्याच्या गाडीत घालून नेलं तेव्हा धाकटा रस्त्यावर वाकून प्लास्टिक गोळा करत होता. मोडक्या खांद्याच्या हाताने, शर्टाच्या ओच्यात. त्यांना ते काय कळणार? आईंना कळायला हवं होतं, पण त्यांचंही त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या की याला भावापेक्षा भंगार प्यारं. तू ऐकलंस. हाड जुळलं आणि तू निघून गेलास. नंतर मला कळवलंस की दादाला मी मारलं, वहिनी, घरात मी कुठल्या तोंडाने येऊ? माझं मन तेव्हा दोन्हीकडे ओढलं जायचं. तुला काय उत्तर द्यावं ते सुचायचं नाही, म्हणून मी जेवलास का, थंडीचे कपडे आहेत का, असलंच काहीतरी विचारत राहिले.

गेल्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानाचे मालक आले. दुसऱ्यांना चष्मे विकतात आणि स्वतः आपल्याच फाटकावर गाडी घातली. गाडी आपल्यासारखीच, त्याच बनावटीची. आता ती निघत नाही, तिचं पॅनल कुठे मिळत नाही. चीर लांब होती आणि मधला टवका उडून गेलेला. तुकडे आणलेत का विचारलं तर म्हणाले, झाडूवालीने झाडून नेले. आता तो खड्डा भरायला त्याच जातीचं प्लास्टिक हवं. ते बारीक करून द्रावणात विरघळवायचं, लापशीसारखं झालं की आतून भरायचं. तुला सांगायला नको. त्या जातीचं प्लास्टिक माझ्याकडे एकाच ठिकाणी होतं. मी दिवसभर तिकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर गोणीची सुतळी सोडली.

हाताला येतील तसे लहान तुकडे काढले. कातरीने कापून बाटलीत टाकत होते. काही वाटू नये म्हणून मनात पाढे म्हणत होते, खरंच. मग एक तळहाताएवढा तुकडा हाती आला, डाव्या पॅनलच्या आतल्या पट्टीचा. कापायच्या आधी सवयीने त्याला टिचकी मारली आणि सवयीनेच उलटा केला. मागच्या बाजूला पेन्सिलची फुली होती. त्याची फुली. चीर जिथे संपते तिथे तो आधी पेन्सिलने फुली मारायचा आणि मग त्या फुलीवर बारीक भोक पाडायचा, म्हणजे चीर तिथेच थांबते, पुढे पळत नाही. फुलीशिवाय त्याने कधी काम सुरू केलं नाही आणि भोकाशिवाय कधी पुढचं काम केलं नाही. मलाही त्याने आधी महिनाभर हेच करायला लावलं होतं, नुसती चिरेची टोकं शोधायला. तर इथे फुली होती, भोक नव्हतं. आणि चीर त्या फुलीला ओलांडून सरळ पुढे कडेपर्यंत गेली होती.

मी कातर खाली ठेवली. तुकडा दारात उजेडात नेला. ताजं फुटलेलं प्लास्टिक कडेला पांढरं आणि स्वच्छ असतं, हे तूच मला पहिल्यांदा दाखवलं होतंस. या तुकड्याची एक बाजू तशी होती. दुसरी नव्हती. दुसऱ्या कडेला रस्त्याची धूळ आतपर्यंत बसलेली होती आणि त्या धुळीखाली पिवळट चकाकणारा डिंक होता. तो झटपट चिकटणारा डिंक, ज्याची ट्यूब तो दुकानात शिरू द्यायचा नाही, गिऱ्हाइकाने घरी लावून आणला तर ज्याच्यावरून गिऱ्हाइकाची सालं काढायचा, तोच. स्क्रूच्या भोकाखाली रबराचा वायसरही नव्हता. स्क्रू नुसता आवळून बसवला होता, इतका की भोकाभोवती प्लास्टिक चुरगळलेलं. म्हणजे पॅनल आधीच फुटलेलं होतं, भाऊजी. तुम्ही निघालात तेव्हा ते डिंकावर आणि एका स्क्रूवर लटकत होतं.

मग मला आठवलं. अपघाताच्या थोडे दिवस आधी गाडी दुकानाच्या पायरीवर आडवी झाली होती. दुकानात कामांची रीघ होती. मी त्याला विचारलं होतं, आपल्या गाडीचं पॅनल नीट केलंस का? तो म्हणाला होता, केलंय गं, तू चहा टाक. मी चहा टाकला. लोकांच्या गाडीला टाके मारून, भरून, घासून, रंग देऊन द्यायचा, आणि स्वतःच्या गाडीला फुली मारून डिंक फासला. घरचीच आहे, सावकाश करू, असं म्हणाला असेल. मला त्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

ताडपत्री मी त्याच दुपारी काढली. गाडी फिरवून दाराकडे तोंड केलं, पेंटरकाकांना न बोलावता, कशी फिरवली माझं मलाच ठाऊक. वाकलेलं मडगार्ड आणि फुटका दिवा बघवत नव्हते, पण हँडल हलत होतं. हँडलखालच्या, त्याच्याबरोबर वळणाऱ्या नळीच्या रंगावर एका जागी ओरखडा होता, खोल, पार धातूपर्यंत. तुकड्याच्या कोपऱ्यावर त्या नळीचाच काळा रंग घासून बसलेला. मी गाडीवर बसले. तो तुकडा त्या फटीत धरला, नळी आणि टाकीच्या मध्ये, आणि हँडल डावीकडे वळवलं. थोडं वळलं आणि अडलं. मी जोर लावला. पुन्हा जोर लावला. वळलंच नाही. हातात तुझे हात आल्यासारखं झालं मला. समोर तो रस्ता, तो ट्रक, मागे पाठीला टेकून बसलेला माणूस, आणि हँडल वळत नाही. पाठीमागे कोणीतरी बसलेलं आहे हे मला इतकं स्पष्ट जाणवलं की मी वळून बघितलं नाही. भिंतीवरची पॅनलं त्या दिवशी एकदासुद्धा वाजली नाहीत.

आईंना सांगायचं की नाही, यावर मी फार विचार केला. तू म्हणशील की नको सांगू, म्हातारीचं काय राहिलंय आता, दादाची आठवण तेवढी स्वच्छ राहू दे. तुझा स्वभावच तसा. पण त्या रोज दुकानात येऊन बसतात, जुने स्क्रू मापाप्रमाणे डब्यांत वेगळे करतात, आणि कधी तुझा विषय निघाला की डबा वाजवायला लागतात म्हणजे मी गप्प बसावं. किती दिवस तो डबा ऐकायचा? मी त्यांच्या मांडीवर तो तुकडा ठेवला आणि सांगितलं. त्या चवताळल्या. मेलेल्या माणसावर आळ घेतेस, धाकट्याने शिकवलं का तुला, कधी आला होता, काय काय बोलल्या. डबे तसेच टाकून घरी गेल्या आणि माझ्याशी अबोला धरला.

दुसऱ्या दिवशी आपण होऊन आल्या. म्हणाल्या, मला धरायला दे ते. त्यांना गाडीवर बसता येईना, म्हणून बाजूला उभ्या राहिल्या, मी तुकडा फटीत धरला आणि त्यांनी दोन्ही हातांनी हँडल ओढलं. तुला माहीत आहे त्या हट्टी आहेत. त्या ओढतच राहिल्या. मी पुरे म्हटलं तरी सोडेनात. मग हळूच म्हणाल्या, धाकटा सांगत होता गं. मला वाटलं आता कोसळतील, पण नाही. स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ त्या फुलीवरून बोट फिरवत राहिल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुकडे वेचले म्हणून बोलले मी त्याला. त्याने वेचले नसते तर?

त्या दुपारी माझ्या नंबरवरून तुला लागोपाठ फोन आले असतील. ते मी केले नव्हते. त्यांना फोन लावता येत नाही, मी नंबर लावून दिला आणि त्या दाराकडे पाठ करून कानाला लावून उभ्या राहिल्या. तू उचलला नाहीस. त्यांना वाटायचं रिंग वाजतेय म्हणजे तू ऐकतोयस, म्हणून त्या रिंगशीच बोलल्या. काय बोलल्या ते मी तुला सांगणार नाही, ते तू त्यांच्याकडूनच ऐक.

आता माझं. एवढंच कळवायचं असतं तर चार ओळींत कळवलं असतं: तुझी चूक नव्हती, दादाची होती, घरी ये. त्यासाठी एवढे कागद भरले नसते. हे पत्र माझ्यासाठी आहे. मला त्याचा राग आलाय, भाऊजी. इतका राग की दुकानात शिरले की दात आवळले जातात. त्याला विचारायचंय, फुली मारलीस, भोक पाडायला किती वेळ लागतो रे? मला खोटं सांगितलंस, चहा टाक म्हणालास, आणि आपल्या भावाला त्या गाडीवर बसवलंस. हे मी कुणाला बोलू? आईंना म्हटलं तर त्यांना ते सोसत नाही. वस्तीत म्हटलं तर लोक गप्प होतात, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये म्हणतात. तो गेला त्या दिवसापासून मी रडलेले नाही, हे तुला कुणी सांगितलं नसेल. सगळ्यांना वाटतं वहिनी खंबीर आहे. वहिनी खंबीर नाही, तिच्या घशात दगड बसलाय. त्याच्यावर माझ्याइतका जीव असलेला आणि त्याला माझ्यासारख्या शिव्या घालू शकेल असा या जगात एकच माणूस आहे, आणि तो चूक नसताना तोंड लपवून बसलाय. ये. माझ्यासमोर उभा राहा आणि दादाला मोठ्याने ओरड, मीही ओरडेन. मग मला रडता येईल असं वाटतं.

तुझीच,
वहिनी